एक फुटाची विक्रांत

गाझियाबादपासून समुद्र हजारएक किलोमीटर दूर आहे. गावातून वाहते ती हिंडन नदी, आणि तिच्या पात्रात साधी होडीसुद्धा क्वचितच दिसते. तरीही या गावाचे जहाजांशी अगदीच नाते नाही असे नाही. इथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात नौदलासाठीही रडार तयार होतात. शिवाय नोकरीच्या निमित्ताने देशाच्या चारही कोपऱ्यांतून जी कुटुंबे इथे येऊन स्थिरावली, त्यांत कोकणातून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. कोकणी माणूस कुठेही गेला तरी समुद्र त्याच्या मनातून जात नाही, असे म्हणतात.

वैशाली भागातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहणारे आजोबा असेच एक. मूळ गाव मालवणकडचे. अठराव्या वर्षी नौदलात भरती झाले, १५ वर्षे नोकरी केली आणि १९९३ मध्ये निवृत्त होऊन इथल्या एका खासगी कारखान्यात बॉयलरच्या कामावर लागले. नौदलातल्या नोकरीपैकी ३ वर्षे ते 'आयएनएस विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर विभागात होते. घरात त्याविषयी फारसे बोलणे कधी झालेच नाही. आजी तेव्हा गावी सासू-सासऱ्यांजवळ राहून मुले वाढवत होत्या. नवरा 'बोटीवर' असतो एवढेच त्यांना ठाऊक. तो बोटीवर नेमका कुठे असतो, काय करतो, हे विचारायला त्या काळात सवडही नव्हती आणि पद्धतही नव्हती.

विक्रांत नौदलात दाखल झाली ४ मार्च १९६१ रोजी आणि निवृत्त झाली ३१ जानेवारी १९९७ रोजी. पुढे मुंबईत तिचे तरंगते संग्रहालय झाले. लोक रांगा लावून ते पाहत असत. "एकदा तुला दाखवतो," असे आजोबा दरवर्षी म्हणायचे. पण गावी जाताना गाडी मुंबईला पहाटे पोहोचायची आणि पुढची गाडी पकडायची घाई असायची. पाहू पाहू म्हणता २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात जहाज तोडायला घेतले. तिचे काही लोखंड वितळवून २०१६ मध्ये एका मोटारसायकलीत वापरले गेले. तशी मोटारसायकल रस्त्यात दिसली की आजोबा थांबून पाहत राहत. आजींना वाटे, या वयात यांना मोटारसायकल घ्यायची आहे की काय!

जहाज बांधायचा छंद या घरात आला तो मात्र नातीमुळे.

पहिले जहाज

नात सातवीत असताना वाढदिवसाला तिला 'टायटॅनिक'चा प्लास्टिकचा संच भेट मिळाला. खोक्यात राखाडी, काळ्या आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि त्या चौकटींना शेकडो बारीक भाग लटकलेले होते. हे सगळे कापून, चिकटवून, रंगवून जहाज उभे करायचे. अशा संचांचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९५२ मध्ये 'गोल्डन हाइंड' हे शिडाचे छोटे जहाज बाजारात आणले, तर अमेरिकेच्या रेवेल कंपनीने १९५३ मध्ये 'मिसूरी' ही युद्धनौका. १९७१ मध्ये जपानी कंपन्यांनी एकत्र येऊन १:७०० या प्रमाणात जहाजे काढायला सुरुवात केली. ही जहाजे पाण्याच्या पातळीवर कापलेली असतात, म्हणजे टेबलावर ठेवली की समुद्रात उभी असल्यासारखी दिसतात. एकाच प्रमाणातली असल्याने लहानमोठी जहाजे शेजारी ठेवून तुलनाही करता येते.

नातीने उत्साहाच्या भरात पहिल्याच संध्याकाळी भाग हाताने पिरगाळून तोडले. चार धुराड्यांपैकी एकाचा टवका उडाला. डिंक इतका लावला की डेकवर तिच्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. ती रडकुंडीला आली तेव्हा आजोबांनी चष्मा लावला आणि खोक्यातला सूचनांचा कागद हातात घेतला.

"आधी वाचायचं, मग कापायचं," ते म्हणाले. "बोटीवर हे उलट केलं असतं तर मी घरी आलोच नसतो."

त्या दिवसापासून दोघांनी काही नियम ठरवले. कोणत्याही नवशिक्याला ते उपयोगी पडतील. चौकटी प्रथम भांडी धुण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवायच्या. साच्यातून प्लास्टिक सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर राहिलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. भाग कधीही पिरगाळायचा नाही. तो कटरने चौकटीपासून थोडे अंतर ठेवून कापायचा, उरलेला खुंट धारदार पात्याने उतरवायचा आणि मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायचे. आधी ४०० नंबरचा, नंतर ६०० आणि शेवटी १००० नंबरचा. पात्याचे काम मोठ्यांनी करायचे. लहान भाग चिमट्याने धरायचे आणि खाली जुना पांढरा टॉवेल अंथरायचा, म्हणजे उडालेला भाग हरवत नाही. हा टॉवेलचा उपाय आजींचा. फरशीवरचे मणी शोधण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनाच तो सुचणार.

चिकटवणे म्हणजे वितळवणे

या संचांचे प्लास्टिक असते पॉलिस्टायरीन. त्यासाठी जो पातळ डिंक मिळतो तो खरे तर डिंकच नव्हे. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही भाग एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेला की तिथे एकसंध प्लास्टिक उरते. म्हणूनच तो जास्त लावला की भागाचा नक्षीदारपणा वितळतो. योग्य पद्धत अशी की दोन्ही भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचे टोक टेकवायचे. द्रव आपोआप फटीत ओढला जातो. वातीत तेल चढते, तसेच.

जहाजाच्या सांगाड्याचे दोन अर्धे भाग जोडताना घाई अजिबात चालत नाही. रबरबँड आणि चिकटपट्टीने ते बांधून २४ तास तसेच ठेवायचे. नंतर फटीत लांबी भरायची, सुकली की घासायचे आणि वरून राखाडी प्रायमरचा पातळ हात द्यायचा. डोळ्याला न दिसलेली फट प्रायमर लगेच दाखवतो. पुन्हा लांबी, पुन्हा घासणे. कंटाळवाणे काम आहे खरे, पण इथेच चांगले आणि सामान्य जहाज वेगळे पडते.

फेविक्विकसारखा झटपट डिंक फक्त धातूच्या बारीक भागांसाठी राखून ठेवावा. त्याची वाफ आजूबाजूला पांढरे डाग पाडते आणि तो बोटांनाही चिकटतो. नखांचा रंग काढायचे द्रव तर प्लास्टिकजवळ आणूच नये. नातीने एकदा डाग पुसायला आईची बाटली घेतली आणि टायटॅनिकची एक जीवनरक्षक होडी जागच्या जागी विरघळली. "खऱ्या टायटॅनिकवरही होड्या कमीच होत्या," असे म्हणून आजोबांनी तिला हसवले. डिंक आणि रंग वापरताना मात्र खिडकी उघडी हवी आणि घरात तान्हे मूल किंवा दमेकरी असेल तर हे काम त्यांच्यापासून दूरच करावे.

सातशेने गुणा

आजोबांनी नातीला एक सवय लावली. जे काही करशील त्याला ७०० ने गुणून पाहा. जोडाची फट पाव मिलिमीटर राहिली, तर खऱ्या जहाजावर ती साडेसतरा सेंटिमीटरची होते. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाडीचा झाला, तर खऱ्या जहाजावर ७ सेंटिमीटरचा लेप बसला! म्हणून एक जाड हात देण्यापेक्षा पातळ केलेल्या रंगाचे दोन-तीन हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण सुकू द्यावा.

रंगाच्या छटेलाही हाच हिशेब लागतो. एक फुटाचे जहाज दोन फुटांवरून पाहिले, तर ते खरे जहाज १,४०० फुटांवरून पाहिल्यासारखे असते. इतक्या अंतरावरून समुद्रातल्या दमट हवेत कोणताच रंग गडद दिसत नाही. डबीतला रंग आहे तसा लावला की जहाज खेळण्यासारखे वाटते. त्यात थोडा पांढरा मिसळला की लगेच खरेपणा येतो. निव्वळ काळा रंग तर वापरूच नये. त्याऐवजी अगदी गडद करडा वापरावा.

शक्य असेल तिथे रंग आधी द्यावा आणि जोडणी नंतर करावी. सांगाडा, डेक, वरचे मजले आणि बारीक साहित्य असे चार गट वेगवेगळे रंगवून मग एकत्र आणले, तर कोपऱ्यांत ब्रश पोहोचत नाही ही तक्रार राहत नाही. जिथे चिकटवायचे आहे तेवढी जागा रंगविना सोडावी किंवा खरवडून घ्यावी, कारण पातळ डिंक रंगावर पकड घेत नाही.

उन्हाळा, पावसाळा आणि धुके

परदेशी पुस्तकांत जे लिहिलेले असते ते गाझियाबादच्या हवेत जसेच्या तसे लागू पडत नाही. मे-जूनमध्ये लू वाहते तेव्हा खिडकी उघडली की ओल्या रंगावर धूळ बसते आणि पंखा लावला तर ती घरभर फिरते. आजींनी त्यावर तोड काढली. रंगवलेला भाग लगेच मोठ्या प्लास्टिकच्या डब्याखाली झाकून ठेवायचा, डब्याच्या एका बाजूला काडी लावून थोडी हवा खेळती ठेवायची. त्या उन्हाळ्यात पातळ रंग ब्रशवरच सुकतो, म्हणून रंगकाम पहाटे करायचे.

पावसाळ्यात उलट. हवा दमट असताना वार्निश फवारले तर ते पांढरट पडते. चार कोरडे दिवस येईपर्यंत थांबलेले बरे. हिवाळ्यात धुके आणि धूर यांमुळे खिडक्या बंद असतात, तेव्हा फवारणीचे काम बंद ठेवून कापणे, घासणे, जुळवणे एवढेच करावे. असे वर्षाचे वेळापत्रक बसवले की घाई आपोआप थांबते.

उन्हाळ्याचा आणखी एक धोका. बंद मोटारीत किंवा गच्चीतल्या कोठीत ठेवलेल्या खोक्यातला लांब सांगाडा वाकू शकतो. सपाट काचेवर ठेवून पाहिले की टोके उचललेली दिसतात. असा सांगाडा चांगल्या गरम पण न उकळत्या पाण्यात चिमट्याने धरून काही क्षण बुडवायचा, काचेवर हलकेच दाबून सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात घालायचा. एका वेळी थोडेच सरळ करावे आणि गरज पडली तर पुन्हा करावे. आत आडव्या पट्ट्या चिकटवल्या की तो पुन्हा वाकत नाही.

एकतारी पाक

जहाजाच्या डोलकाठ्यांना जोडणाऱ्या तारा आणि दोर हा या छंदातला सर्वांत नाजूक भाग. शिवणाचा दोरा वापरला तर तो ७०० पटींत माणसाच्या कमरेएवढा जाड दिसतो आणि त्याचे तंतूही उभे राहतात. यावरचा उपाय संचातच दडलेला असतो. भाग काढून झाल्यावर ज्या रिकाम्या चौकटी उरतात, त्यांचा एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून फिरवत राहायचा. मध्ये चमक येऊन तो लवायला लागला की ज्योतीपासून बाजूला घ्यायचा, क्षणभर थांबायचे आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढायचे. केसासारखी तार निघते.

आजोबांची पहिली दहा-बारा टोके तुटली. नातीचीही तुटली. आजी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही लगेच ओढताय. पाक एकतारी झाला की नाही हे बघायला बोट उचललं की क्षणभर थांबायचं असतं. नाहीतर तो टपकतो." त्यांनी तुकडा हातात घेतला आणि पहिल्याच प्रयत्नात हातभर लांब, अखंड तार काढली. तेव्हापासून या घरच्या जहाजांच्या सगळ्या तारा आजींच्या हातच्या आहेत. जाड तार हवी तर सावकाश ओढायचे, बारीक हवी तर भरभर. ती कापून टोकाला डिंकाचा सूक्ष्म थेंब लावून बसवायची. सैल राहिली तर विझवलेल्या उदबत्तीचे कोमट टोक जवळ न्यायचे, तार आपोआप ताणली जाते. पण ज्योत आणि डिंक यांची जागा वेगवेगळी असावी आणि मुलांनी हे काम एकट्याने करू नये.

हाच विचार डोलकाठ्यांना. १ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची काठी प्रत्यक्षात ७० सेंटिमीटर जाड होते. ती काढून तिथे पितळेची बारीक तार बसवली की जहाज एकदम हलके वाटू लागते. कठड्यांसाठी धातूच्या कोरीव पट्ट्या मिळतात. मीटरभर उंचीचा कठडा या प्रमाणात जेमतेम दीड मिलिमीटरचा होतो. त्या पट्ट्या मोहक दिसतात, पण पहिल्या-दुसऱ्या जहाजाला त्यांच्या वाटेला जाऊ नये. तिसऱ्या जहाजापर्यंत हात बसलेला असतो.

कोणत्या वर्षाची विक्रांत?

टायटॅनिक झाली, पाठोपाठ आणखी दोन युद्धनौका झाल्या. मग एके दिवशी नातीने विचारले, "आजोबा, तुमची बोट का नाही करत आपण?"

बाजारात सहज मिळतात ते संच 'बिस्मार्क', 'यामाटो', 'मिसूरी' यांचे. आजोबांनी ठरवले, प्लास्टिकच्या सपाट पत्र्यांतून विक्रांत आपणच उभी करायची. वास्तुविशारद इमारतींच्या प्रतिकृतींसाठी जे पत्रे वापरतात, तेच याला चालतात. विक्रांतची लांबी ७०० फूट. ७०० पट लहान केली की बरोबर एक फूट. जणू याच प्रमाणासाठी ती बांधली होती!

पण काम सुरू करण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि तो प्रत्येक जहाजाच्या बाबतीत सोडवावा लागतो. जहाज माणसासारखेच वयाप्रमाणे बदलते. १९७१ च्या युद्धात विक्रांतच्या डेकवर सी हॉक आणि अलिझे विमाने होती. बॉयलरला तडे गेलेले असल्याने तिचा वेग मर्यादित होता, तरीही त्या डिसेंबरात तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. १९८२ मध्ये मोठी दुरुस्ती संपली तेव्हा तिला नवे बॉयलर मिळाले होते. १९८३ च्या अखेरीस भारतात सी हॅरियर विमाने आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डेकच्या पुढच्या टोकाला ९.७५ अंशांचा चढ बसवण्यात आला आणि तिचे रूपच पालटले. १९७१ ची विमाने आणि १९९० चा चढ एकाच प्रतिकृतीवर आले, तर ती कोणत्याच दिवसाची विक्रांत राहत नाही. म्हणून आधी वर्ष ठरवायचे, त्या वर्षाची छायाचित्रे जमवायची आणि त्यांत दिसेल तेवढेच करायचे.

आजोबांनी वर्ष ठरवले १९८४. पुढे चढ नाही, डेक सपाट, वर जेमतेम दोन-दोन सेंटिमीटरची सी हॅरियर विमाने. त्या वर्षी ते स्वतः त्या जहाजावर होते.

पाण्याखालचा एक सेंटिमीटर

पहिला बेत पाण्याच्या पातळीवर कापलेली विक्रांत करण्याचा होता. ते सोपे पडते. खालचा फुगीर, निमुळता होत जाणारा भाग करावाच लागत नाही. चार महिन्यांत सांगाडा, डेक आणि उजव्या बाजूचा मनोरा तयार झाला. राखाडी प्रायमरचा हात देऊन ते जहाज जेवणाच्या टेबलावर ठेवले तेव्हा आजी हात पुसत आल्या आणि बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या.

"अहो, यात तुम्ही कुठे असायचात?" त्यांनी विचारले.

आजोबांनी बोट पुढे केले आणि ते तिथेच थांबले. दाखवायला जागाच नव्हती. बॉयलर जहाजाच्या तळाकडे, पाण्याच्या पातळीखाली. ४ बॉयलर, २ टर्बाइन, ४० हजार अश्वशक्ती. जिथे त्यांनी ३ वर्षे पाळ्या केल्या, उन्हाळ्यात अंगावरचा सदरा पिळून पुन्हा घातला, तो सगळा भाग या प्रतिकृतीत कापून टाकलेला होता. "इथे खाली," एवढेच म्हणून त्यांनी टेबलाच्या लाकडाकडे बोट दाखवले.

"म्हणजे तुम्हाला समुद्र दिसायचासुद्धा नाही?"

"पाळी संपली की दिसायचा."

आजी काही बोलल्या नाहीत. इतकी वर्षे त्यांच्या डोळ्यांसमोर जे चित्र होते, त्यात नवरा डेकवर वाऱ्यात उभा असायचा. पांढऱ्या गणवेशात, समोर निळे पाणी. गावात पाणी आटले, मुले आजारी पडली, सासूबाईंचे दुखणे वाढले की त्या चित्राचा त्यांना थोडा रागही येत असे. आपण इथे राबतो आणि ते तिकडे वारा खातात, असे वाटे. त्या रात्री त्यांनी आजोबांना बॉयलरविषयी प्रथमच विचारले आणि आजोबांनी प्रथमच सांगितले. नातीचा अभ्यास बाजूला राहिला.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी हिशेब केला. विक्रांत पाण्यात साधारण २४ फूट बुडत असे. ७०० पट लहान केले की १ सेंटिमीटर. म्हणजे १ मिलिमीटर जाडीचे १० थर खालून वाढवले की पूर्ण जहाज होते.

ही थरांची पद्धत जुनीच आहे. लाकडी प्रतिकृती करणारेही ती वापरतात. प्रत्येक थराचा आकार आराखड्यावरून वेगळा काढायचा, कारण जहाज खाली जाईल तसे निमुळते होते. प्रत्येक थरावर मधोमध रेघ मारायची आणि त्या रेघेवर पुढे-मागे दोन छिद्रे पाडून त्यांतून टाचण्या घालायच्या, म्हणजे थर इकडेतिकडे सरकत नाहीत. सगळे चिकटवून पूर्ण सुकू द्यायचे. आता बाजूंना जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. त्या लांबीने भरून, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासत न्यायच्या. नुसत्या बोटाने घासले तर खळगे पडतात. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की नाही हे पाहायला जाड पुठ्ठ्यात आडव्या छेदाचा आकार कापून तो आळीपाळीने दोन्ही बाजूंना लावून पाहायचा. जिथे उजेड दिसतो तिथे आणखी काम बाकी आहे.

या कामाला आणखी दोन महिने गेले. आजोबांचा हात आता पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, म्हणून दोन पंखे आणि त्यांचे दंड नातीने बसवले. पाण्याची रेघ मारताना दोघांनी मिळून काम केले. जहाज काचेवर सपाट बसवायचे, पेन्सिल पुस्तकांच्या चवडीवर योग्य उंचीला घट्ट बांधायची आणि चवड हलवत जहाजाभोवती फिरायचे. पेन्सिल जागेवर राहते, चवड सरकते आणि रेघ सर्वत्र एकाच उंचीवर उमटते. तिच्याखाली विटकरी लाल, रेघेवर गडद पट्टा आणि वर राखाडी. रेघेला चिकटपट्टी लावताना तिची कड नखाने दाबून बसवायची आणि कडेवर आधी वरच्याच रंगाचा एक पातळ हात द्यायचा. मग खालचा रंग पट्टीखाली झिरपत नाही.

शेवटी जुनेपणा. अगदी पातळ केलेला गडद रंग कोपऱ्यांत सोडायचा, तो खाचांत स्थिरावतो आणि उठाव आणतो. गंजाचे ओघळ नेहमी वरून खाली आणि अगदी मोजके काढावेत. "नौदलाचं जहाज आहे," आजोबा नातीला म्हणाले. "गंज दिसला की कोणाला तरी रंगाचा ब्रश हातात मिळायचाच."

काचेतले जहाज

प्लास्टिकचे जहाज म्हणजे मुलांचा खेळ, असे अनेकांना वाटते. त्यांनी एकदा दीवला जावे. ९ डिसेंबर १९७१ रोजी 'आयएनएस खुकरी' ही नौका दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीच्या हल्ल्याने बुडाली. तिच्यासोबत कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यांच्या घरच्यांना ना देह मिळाला, ना अंत्यदर्शन. दीवच्या किनाऱ्यावर त्यांचे स्मारक आहे आणि तिथे समुद्राकडे तोंड करून ठेवली आहे ती काचेच्या पेटीतली खुकरीची प्रतिकृती. जिथे दाखवायला दुसरे काहीच उरत नाही, तिथे प्रतिकृतीच बोलते.

शाळा-महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेनेची नौदल शाखा आहे. तिच्या स्पर्धांत जहाजांच्या प्रतिकृती बांधणे हाही एक विषय असतो. ज्या पालकांना मुलांच्या हाताला आणि मनाला एकाच वेळी काम द्यायचे आहे, त्यांनी याची चौकशी जरूर करावी. सुरुवातीला महागडी साधने नकोत. एक कटर, एक पाते, पॉलिश पेपर, चिमटा, दोन चांगले ब्रश आणि योग्य डिंक एवढे पुरते. घरातल्या मोठ्या माणसाचा थोडा वेळ मिळाला तर फारच छान. कित्येक घरांत आजोबांजवळ सांगण्यासारखे बरेच असते, पण विचारण्याचे निमित्त कोणाला सापडत नाही.

तयार जहाज धुळीपासून जपावे. उघड्यावर ठेवलेल्या प्रतिकृतीवर महिन्याभरात थर बसतो आणि पुसायला गेले की तारा तुटतात. काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी करून घ्यावी, ती थेट उन्हात ठेवू नये आणि पेटी बंद करण्यापूर्वी रंग व डिंक पूर्ण सुकू द्यावेत, म्हणजे आत वाफ कोंडत नाही.

वैशालीतल्या त्या घरात विक्रांतची पेटी आता दिवाणखान्यात आहे. खाली दोन पितळी खुंट्यांवर ती पूर्ण उभी आहे, लाल तळासह. पाहुणे येतात, डेकवरची विमाने पाहतात, तारांचे कौतुक करतात. आजी मात्र त्यांना थोडे वाकायला सांगतात आणि पाण्याच्या रेघेखाली, जहाजाच्या मध्यभागी बोट ठेवतात.

"आमचे हे इथे असायचे," त्या म्हणतात.